सोलरची परवानगी पंचायतीत नाही, लाइट बिलावरच्या नावात अडकते

पत्र:
नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहतो. सासऱ्यांनी बांधलेलं स्लॅबचं घर आहे, गावठाणात. सासरे गेले त्याला चार वर्षं झाली पण घरपट्टी, लाइट बिल सगळं अजून त्यांच्याच नावावर चालू आहे. घरात आम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई. मोठे दीर पुण्याला असतात, नणंद कोल्हापूरला. आमचं बिल महिन्याला 180-190 युनिटचं येतं, उन्हाळ्यात थोडं जास्त. घरावर सोलर बसवायचं ठरवलं तर एक एजंट आला, म्हणाला 5 किलोवॅटच घ्या, पंचायतीची परवानगी, महावितरणचं, सबसिडीचं सगळं मीच करतो, परवानगीचे फक्त 8 हजार वेगळे द्या. उपसरपंच म्हणतात ग्रामसभेचा ठराव लागेल. शेजारचे म्हणतात आमची हरकत आहे. आणि दीर म्हणतात आधी वाटण्या होऊ देत, मग सही करतो. मला आठ फूट उंच स्ट्रक्चर करायचंय म्हणजे खाली कपडे वाळत घालता येतील, उन्हाळ्यात झोपताही येईल. नक्की कुणाकुणाची परवानगी लागते हो? सगळे वेगवेगळं सांगतायत, डोकं भणभणलंय.

उत्तर:
ताई, तुमच्या पत्रात पाच माणसं आहेत, एजंट, उपसरपंच, शेजारी, दीर आणि महावितरण, आणि तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलाय पंचायतीला. माझ्या मते घोर लागायला पाहिजे तो चार वर्षं सासऱ्यांच्या नावावर चालू असलेल्या लाइट बिलाचा. परवानग्यांचा बाऊ खूप होतो पण घरगुती सोलरला सरकारी परवानगी म्हणून जे काही आहे ते आता बरंच सोपं केलेलं आहे, अडकतात ती माणसं कागदावरच्या नावात. म्हणून मी तुमचे प्रश्न तुमच्या क्रमाने घेणार नाही, आधी जे सोपं आहे ते उरकतो आणि मग नावाच्या गोष्टीवर निवांत बोलू कारण तिथेच खरं काम आहे.

पहिल्यांदा पंचायत. महाराष्ट्रात बांधकामाचे नियम 2020 पासून बहुतेक ठिकाणी एकच आहेत, एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली म्हणतात, सगळे यूडीसीपीआर म्हणतात, मुंबईसारखे काही भाग सोडले तर बाकी नगरपालिका, महापालिका आणि प्रादेशिक योजनेतली गावं त्यात येतात. या नियमावलीत कोणत्या कामांना बांधकाम परवानगी लागत नाही याची यादी दिलेली आहे आणि त्यात सोलर पॅनल आहेत. अट अशी की पॅनलचा खालचा भाग गच्चीपासून 1.8 मीटरपर्यंतच असावा, म्हणजे साधारण सहा फूट, आणि घराला वजन झेपतंय हे परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितलेलं असावं. म्हणजे बसक्या स्ट्रक्चरवर पॅनल टाकले तर बांधकाम परवानगीचा विषयच येत नाही, ग्रामसभेच्या ठरावाचा तर नाहीच.

पण तुम्हाला पाहिजे आठ फूट. आता इथं गंमत अशी आहे की एजंट लोक हेच आठ फुटी स्ट्रक्चर सगळ्यात जास्त विकतात, खाली शेड मिळते म्हणून बायकांनाही आवडतं, आणि मला त्यात चूक काही वाटत नाही, गच्ची वापरायची असतेच की घरातल्यांना. फक्त एवढं लक्षात घ्या की आठ फुटावर गेलात की परवानगी न लागणाऱ्या यादीतून तुम्ही बाहेर पडता, मग उद्या कुणी तक्रार केली तर पंचायतीला बोलायला जागा मिळते, आणि तुमच्या शेजारी तक्रार करणारा माणूस तर तयारच बसलाय. शिवाय उंच स्ट्रक्चरला वारा जास्त लागतो, वळवाच्या पावसात जो वारा सुटतो तो पॅनलला खालून उचलतो, त्यामुळे लोखंड जड लागतं, पाया पक्का लागतो आणि हा वाढीव खर्च सबसिडी वाढवून देत नाही, तो पूर्ण तुमच्या खिशातून जातो. माझा सल्ला विचाराल तर सहा फुटाच्या आत बसवा, पॅनलला दक्षिणेकडे उतार असतो त्यामुळे मागची बाजू आपोआप उंच होते, तिथे कपड्यांच्या दोऱ्या आरामात बांधता येतात. झोपायला गच्चीचा उरलेला भाग आहेच, 1 किलोवॅटला अंदाजे 100 चौरस फूट जागा जाते, म्हणजे 2 किलोवॅटला 200, स्लॅबचं घर म्हणताय तर एवढं जाऊनही जागा राहील.

तरी उपसरपंचांशी वाद घालू नका. गावात राहायचंय. त्यांना नीट विचारा की ठराव कोणत्या नियमाखाली लागतो ते लेखी द्या म्हणजे आम्ही तसा अर्ज करतो. बहुतेक वेळा लेखी म्हटलं की विषय थांबतो. आणि आपल्या बाजूने एक साधं माहितीचं पत्र पंचायतीत द्या, आम्ही अमुक मिळकत नंबरच्या घरावर इतक्या किलोवॅटचं सोलर बसवतोय, पॅनलची उंची अमुक, सोबत इंजिनिअरचा दाखला जोडलाय, बस एवढंच. परवानगी द्यावी असं त्यात लिहू नका, माहितीस्तव असं लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घ्या आणि ती प्रत जपून ठेवा, पुढे कुणी काही काढलं तर ती एक प्रत पुरते. या सगळ्याला 8 हजार कुठे लागतात ते तुम्हीच सांगा. इंजिनिअरला त्याची फी द्या, ती रास्त आहे, घरच्या स्लॅबचा प्रश्न आहे आणि घर जुनं असेल तर हा दाखला मी नियमासाठी नाही तर तुमच्या जिवासाठी घ्या म्हणेन. पण परवानगीच्या नावाने एजंटच्या हातात रोख रक्कम ठेवू नका, पावती नाही तर पैसे नाहीत.

शेजाऱ्यांचं. तुमच्या स्वतःच्या गच्चीवर, तुमच्या भिंतींच्या आत पॅनल बसत असतील तर शेजाऱ्याच्या ना-हरकतीची गरज नाही. पण त्यांची हरकत कशाला आहे हे विचारलंत का कधी? गावात दोनच गोष्टींवरून भांडण होतं असं माझं निरीक्षण आहे, एक सामाईक भिंत आणि दुसरं पावसाचं पाणी. पॅनलवरचं पाणी एकाच कडेने धो धो पडतं, ती पागोळी त्यांच्या अंगणात किंवा भिंतीवर जाणार असेल तर त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, मग तिथे पन्हाळ लावून पाणी आपल्या बाजूला घ्या. सामाईक भिंत असेल तर स्ट्रक्चरचा एकही पाय किंवा बोल्ट त्या भिंतीवर नको. चकाकी डोळ्यावर येते असं म्हणत असतील तर पॅनल ऊन शोषायलाच बनवलेले असतात, आरशासारखा उजेड फेकत नाहीत, हे त्यांना दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर नेऊन दाखवा.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही ती मी सांगतो. गावठाणात खांबावरच्या तारा घराला अगदी खेटून गेलेल्या असतात. सुरक्षेच्या नियमाप्रमाणे साध्या घरगुती दाबाच्या उघड्या तारा छतावरून जात असतील तर सगळ्यात उंच भागापासून 2.5 मीटर वर आणि बाजूने जात असतील तर 1.2 मीटर लांब पाहिजेत. आज तुमची गच्ची तारेपासून लांब असेल पण त्यावर आठ फुटी सांगाडा उभा केला की हे अंतर संपतं. पॅनल धुवायला वर चढणार तुम्ही किंवा तुमचा मुलगा. तेव्हा मापं घेताना वर बघा, तार जवळ असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात आधीच अर्ज देऊन ठेवा.

आता येऊया नावावर.

पीएम सूर्यघर योजनेत, म्हणजे घरावरच्या सोलरला केंद्राची सबसिडी देणारी, फेब्रुवारी 2024 मध्ये आलेली ती 1 कोटी घरांची योजना, सगळा अर्ज ग्राहक क्रमांकावर उभा असतो. पोर्टलवर जिल्हा, वीज कंपनी आणि ग्राहक क्रमांक टाकला की बिलावरचं नाव समोर येतं, ते नाव कुणाचं येणार, तर तुमच्या सासऱ्यांचं. सबसिडी बँक खात्यात जाते, ते खातं अर्जदाराचं लागतं. गेलेल्या माणसाच्या नावाने करार कोण करणार, नेट मीटरच्या, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरच्या, करारावर सही कोण करणार, आणि पॅनलसमोर उभं राहून फोटो कोण काढणार, कारण शेवटी अर्जदाराचा प्लांटसोबत लोकेशनसहित फोटो अपलोड करावा लागतो. एजंट म्हणेल काही होत नाही मी बघतो. माझ्या ओळखीत एका घरी असंच मी बघतो म्हणून आजोबांच्या नावाच्या बिलावर काम पुढे ढकललं गेलं, पॅनल बसले, पैसे दिले आणि सबसिडीच्या वेळी नाव आणि खातं जुळेना, मग सगळे कागद मागाहून करत बसले आणि एजंट फोन उचलेना. तुमचं तसं व्हायला नको म्हणून मी एवढं लांबण लावतोय.

म्हणून पहिलं काम, लाइट बिलाच्या नावात बदल. महावितरणकडे वारसाच्या नावाने अर्ज होतो, ऑनलाइनही करता येतो, सोबत सासऱ्यांचा मृत्यू दाखला, घराचा कागद आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. मागची थकबाकी असेल तर ती आधी भरा. घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा आणि घरपट्टीची चालू पावती. हा उतारा मिळणं तुमचा हक्क आहे, 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात ही सेवा येते, त्यामुळे ग्रामपंचायत अधिकारी उद्या या परवा या करत असतील तर अर्जाची पोच घ्या. गावठाणाचं ड्रोनने मोजमाप झालं असेल तर घराचं प्रॉपर्टी कार्ड पण निघालं असेल, स्वामित्व योजनेत 2020 पासून हे काम चालू आहे, ते भूमी अभिलेखच्या ऑफिसात चौकशी करून घ्या, असलं तर उत्तमच.

बाकीचे वारस कोण? सासूबाई, तुमचे मिस्टर, मोठे दीर आणि नणंद. हो, नणंद पण. लग्न होऊन कोल्हापूरला गेली म्हणून तिचा हक्क जात नाही, हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलगे, मुली सगळे पहिल्या वर्गाचे वारस आणि सारखे. तुमच्या पत्रात सगळा जोर दिरांवर आहे, नणंदेचं नाव फक्त ती कुठे राहते एवढ्यापुरतं आलंय, आणि हे मी खूप घरांत बघतो, बहिणीला कुणी विचारतच नाही, मग ऐनवेळी तिची सही राहून जाते किंवा तिला वाईट वाटतं. तिला पहिला फोन करा. ती तुमच्या बाजूने उभी राहिली तर दिरांशी बोलणंही सोपं जाईल.

आणि दिरांचं म्हणणं जरा त्यांच्या बाजूने बघा. त्यांना सोलरशी वाकडं नाही, त्यांना भीती ही आहे की लाइट बिल धाकट्याच्या नावावर गेलं की उद्या घरही त्याचंच होईल. ही भीती खूप लोकांना असते आणि ती काढता येते, कारण लाइट बिल हा मालकीचा पुरावा नाही. नमुना 8 सुद्धा घरपट्टी आकारणीची नोंद आहे, त्यावर नाव आलं म्हणजे हक्क ठरला असं कोर्ट मानत नाही. बिलावर नाव आलं म्हणजे वीज कोण वापरतो आणि बिल कोण भरतो एवढंच ठरतं. हे त्यांना फोनवर नका सांगू, कागदावर लिहून द्या. 500 च्या स्टॅम्पवर साधं संमतीपत्र करा, 100 चा स्टॅम्प आता चालत नाही, ऑक्टोबर 2024 पासून 500 झालाय. त्यात स्पष्ट लिहा की वीजजोडणी फक्त सोयीसाठी अमुक यांच्या नावावर करत आहोत, यामुळे मिळकतीतला कुणाचाही हिस्सा कमी होत नाही, वाटणी होईल तेव्हा सगळ्यांचे हक्क आहेत तसेच राहतील, आणि सोलरचा खर्च अमुक यांनी केलेला आहे. हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी आहे. उद्या वाटणीत तो भाग दिरांकडे गेला तर पॅनल काढून न्यायचे की त्याची किंमत मिळायची, तेही त्याच कागदात आत्ताच लिहून घ्या. सगळ्यांच्या सह्या, नोटरी, आणि प्रत्येकाला एक एक प्रत. हा कागद दिरांच्या हातात दिला की आधी वाटण्या करा हा हट्ट बऱ्यापैकी सैल होईल, कारण त्यांना पाहिजे असलेली हमी त्यातच आहे.

बिल कुणाच्या नावावर करायचं? मला विचाराल तर सासूबाईंच्या. त्या त्याच घरात राहतात, त्यांच्या नावाला दीर आणि नणंद दोघंही नाही म्हणणार नाहीत, आणि भावाभावात तुझं माझं होण्याची वेळच येत नाही. फक्त त्यांचं आधार, मोबाइल आणि बँक खातं नीट जोडलेलं पाहिजे, आधारवर आणि पासबुकावर नाव एकसारखं पाहिजे, सबसिडी तिथेच येणार आहे. सासूबाई या सगळ्या भानगडीला तयार नसतील किंवा वयामुळे ओटीपी वगैरे त्रास होत असेल तर मग तुमच्या मिस्टरांच्या नावावर करा.

बिल हातात आहे तोवर त्यावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज वापरायची मुभा आहे तो आकडा, पण वाचा. गावाकडच्या जुन्या जोडण्यांना बऱ्याचदा 1 किलोवॅट किंवा त्याहूनही कमी भार असतो, आणि महाराष्ट्रात नियम असा आहे की सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त नको. घाबरू नका, 2024 मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत बदल केला तेव्हा 10 किलोवॅटपर्यंतचा अर्ज कागदपत्रं पूर्ण असतील तर तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर झालाच असं धरायचं ठरलं आणि त्यासाठी लागणारी भारवाढ वीज कंपनीने करून द्यायची असंही त्यातच आहे. म्हणजे ज्या परवानगीसाठी पूर्वी खेटे घालावे लागायचे ती आता तुमच्या आकाराच्या घराला जवळपास आपोआप मिळते. विद्युत निरीक्षकाची फेरीही एवढ्या छोट्या प्लांटला नाही, बसवणाऱ्याचं स्व-प्रमाणपत्र पुरतं. भार वाढल्यावर अनामत किंवा स्थिर आकारात काही फरक पडतो का एवढं शाखा कार्यालयात विचारून घ्या.

किती किलोवॅट घ्यायचं यावर मी एजंटच्या साफ विरुद्ध आहे. आपल्याकडे 1 किलोवॅटमधून वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला 4 युनिटच्या आसपास वीज मिळते, म्हणजे महिन्याला 120. तुमचा वापर 180-190. मग 2 किलोवॅटमध्ये 240 युनिट, पावसाळ्यात कमी उन्हाळ्यात जास्त, तुमचं भागून थोडं उरतं. केंद्राची सबसिडी पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार म्हणजे 60 हजार, तिसऱ्याला 18 हजार, एकूण 78 हजार आणि तिथे ती थांबते. 5 किलोवॅट घेतलं तरी 78 हजारच. वरचे 2 किलोवॅट पूर्ण स्वतःच्या पैशाने घ्यायचे आणि ती वीज वापरायची कुठे? जास्तीचे युनिट महिन्यामागे महिना पुढे जमा होतात पण 31 मार्चला त्या वर्षाचा हिशोब होतो, उरलेल्या युनिटांचा जो मोबदला मिळतो तो आपण विकत घेतो त्या दराच्या मानाने फारच कमी असतो. सोलर हे उत्पन्न म्हणून विकणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका, ते बिल कमी करायचं साधन आहे. तुम्ही पुढे इंडक्शन, गीझर किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घेणार असाल तर 3 घ्या, नाहीतर 2 पुरे.

आणि लाइट गेली की सोलरही बंद पडतं हे एजंटने सांगितलंय का? साधा ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर लाइन बंद झाली की स्वतःहून बंद होतो, तो तसाच बनवलेला असतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून करंट लागेल. गावात लोडशेडिंगसाठी म्हणून कुणी सोलर घेत असेल तर बॅटरीवाली हायब्रिड सिस्टीम वेगळी येते, ती महाग असते आणि बॅटरीला ही सबसिडी नाही. घरात आधीचा इन्व्हर्टर बॅटरी असेल तर तो तसाच राहू द्या.

पोर्टलचं काम स्वतः करा, हात जोडून सांगतो. तुमचा मुलगा दहावी-अकरावीत असेल तर तोही करेल. पीएम सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर स्वतःच्या मोबाइलवर नोंदणी करायची, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, लॉगिन आपल्याकडेच ठेवायचं. अर्ज मंजूर झाला की त्याच पोर्टलवर जिल्ह्यातल्या नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी असते, त्यातलाच विक्रेता निवडावा लागतो, यादीबाहेरच्याकडून काम केलं तर सबसिडी नाही. तुमच्याकडे आलेला एजंट त्या यादीत आहे की दुसऱ्याच्या नावावर फिरतोय ते तिथेच कळेल. दोन-तीन जणांकडून कोटेशन घ्या आणि त्यात पॅनलची कंपनी, वॉट, इन्व्हर्टर, स्ट्रक्चरचं लोखंड, वायरिंग, अर्थिंग, सगळं लिहून मागा, मोघम 2 किलोवॅट सेट असं नको. सबसिडीसाठी पॅनल भारतातच बनलेल्या सेलचे लागतात, डीसीआर पॅनल म्हणतात, हा शब्द कोटेशनवर आणि बिलावर दोन्हीकडे आलाच पाहिजे. सप्टेंबर 2025 पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, कुणी जुनाच टॅक्स लावून भाव सांगत असेल तर विचारा.

विक्रेत्याबरोबर करार करायचा असतो, त्याचा नमुना पोर्टलवरच आहे, त्यात 5 वर्षं देखभाल त्याच्याकडे असते. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, थोडे सामान आल्यावर, थोडे बसवल्यावर आणि एक चांगला हप्ता नेट मीटर लागून प्लांट चालू झाल्यावर. हा शेवटचा हप्ता तुमच्या हातात राहिला तरच नेट मीटरसाठी तो माणूस पळेल. एवढे पैसे एकदम नसतील तर 3 किलोवॅटपर्यंत राष्ट्रीयीकृत बँका या योजनेत तारण न घेता कर्ज देतात, व्याज इतर वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी असतं, तुमच्या पतसंस्थेच्या आधी तिथे चौकशी करा.

बसवताना घरी कुणीतरी थांबा. स्लॅबला भोकं पाडून बोल्ट मारायला देऊ नका, पुढच्या पावसात गळती तिथूनच सुरू होते आणि मग कुणी जबाबदारी घेत नाही. काँक्रीटचे ब्लॉक ओतून त्यावर पाय उभे करायला सांगा. अर्थिंगचे खड्डे खरंच खणले का ते डोळ्याने बघा, वीज कोसळण्याच्या दिवसांत त्याचाच आधार असतो. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या नारळाची सावली सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत कुठल्याही पॅनलवर येत नाही ना ते एक दिवस नीट बघून मग जागा ठरवा, एका पॅनलवर सावली पडली की त्या ओळीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन खाली येतं.

बसवून झालं की विक्रेता पोर्टलवर माहिती भरतो, मग नेट मीटरचा करार, महावितरणची माणसं येऊन बघतात, मीटर बदलतात आणि प्लांट चालू झाल्याचं प्रमाणपत्र पोर्टलवर निघतं. 2024 च्या नियमांनी या कामाला महावितरणला 15 दिवसांची मुदत दिलेली आहे. त्यानंतर तुम्ही बँक खातं भरायचं, सबसिडी साधारण महिन्याभरात येते. मीटरला दिवसावर दिवस जायला लागले तर एजंटच्या मागे न लागता आधी शाखा कार्यालयात लेखी अर्ज, मग उपविभाग, महावितरणच्या 1912 वर तक्रार, योजनेची हेल्पलाइन 15555. तरीही नाही झालं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत. वकील लागत नाही, साध्या मराठीत अर्ज चालतो, फक्त प्रत्येक वेळची पोच आणि तक्रार क्रमांक एका वहीत लिहून ठेवा.

तर ताई, या आठवड्यात फक्त तीन कामं करा, नणंदेला फोन, पंचायतीत नमुना 8 चा अर्ज आणि संमतीपत्राचा मसुदा. एजंटला सांगा नाव बदलून झालं की बोलू, खरा असेल तर थांबेल. आणि नेट मीटर लागल्यावर पहिलं बिल आलं की त्यावर घेतलेले आणि दिलेले युनिट वेगवेगळे छापलेले असतात, ते मीटरवर दिसणाऱ्या आकड्यांशी लावून बघा, बिल शून्य येणार नाही, स्थिर आकार राहतोच, पण दिलेले युनिटच छापून आले नसतील तर त्याच महिन्यात तक्रार द्या, पुढच्या बिलात होईल म्हणून सोडू नका.